झाडू आले आहेत

नागभीड जंक्शनवर माणसं उतरतात ती गाडी बदलायला. गावात शिरतात ते फक्त धानाचे व्यापारी, हिवाळ्यात येणारे नाटकवाले आणि बदली झालेले माझ्यासारखे मास्तर. व्यापारी आणि नाटकवाले काम झालं की निघून जातात. मी पन्नास साली आलो आणि राहिलो, म्हणून झाडू पेंटरची गोष्ट सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. त्याच्या गावच्या लोकांना विचाराल तर ते सांगतील की आमचा झाडू फार मोठा कलावंत होता. यांच्या नादी लागू नका. झाडूच्या हयातीत यांच्यापैकी एकानंही त्याला एका पाटीचे पैसे पहिल्या फेरीत दिले नाहीत.

आधी त्याच्या नावाचा उलगडा करतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या नावावरून घडलं. झाडूच्या आधी त्याच्या आईला, मनकर्णाबाईला, तीन मुलं झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. चौथा जन्मला तेव्हा तिनं या भागातला ठरलेला उपाय केला. पोराला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या कलाबाईनं शिंदीचा फडा घेऊन केराबरोबर त्याला झाडल्यासारखं केलं, आणि मनकर्णाबाईनं मूठभर कोंडा देऊन तो केर परत विकत घेतला. मरणाला वाटावं की हे लेकरू कोणाचं नाही, टाकून दिलेला कचरा आहे, न्यायच्या लायकीचं नाही. झाडलेला म्हणून झाडू. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात असे झाडू, लटारू, पत्रू गल्लोगल्ली सापडतात आणि त्या नावाला कोणी हसत नाही. घर झाडायच्या वस्तूला इथे फडा म्हणतात. झाडू म्हणजे माणूसच.

उपाय लागू पडला. झाडू जगला, एवढंच नव्हे तर वडसाच्या एका पडदे रंगवणाऱ्याच्या हाताखाली राहून पेंटर झाला. कानावर ब्रश, गळ्यात जांभळा रुमाल आणि चालताना मान किंचित तिरपी, कारण कलावंत सरळ बघत नाही अशी त्याची समजूत होती. हात त्याचा वाईट नव्हता, पण डोकं नाटकाचं होतं. त्याच्या प्रत्येक राजाच्या डोळ्यांखाली सूज असायची आणि प्रत्येक वाघ हसायचा. मी एकदा विचारलं की वाघ हसतो कशाला. तो म्हणाला की मास्तर, पहिल्या रांगेत लहान लेकरं बसतात, रडली तर नाटक बंद पडते.

आमच्या या झाडीपट्टीतल्या नाटकाला जंगलाचा पडदा लागतोच. गावाबाहेर दोन फर्लांगावर खरं जंगल सुरू होतं, साग, मोह, बांबू, हवं ते. झाडूच्या पडद्यावर मात्र नारळाची झाडं, हंस आणि एक धबधबा असे. ज्यांचा अख्खा जन्म मोह वेचण्यात गेला ती माणसं तो पडदा उघडला की टाळ्या वाजवत. एका कंपनीच्या मॅनेजरनं त्याच्याकडून असा राजवाडा काढून घेतला होता की खिडकीवर चादर टाकली की त्याचं कोर्ट होई आणि चादर काढून खाट ठेवली की इस्पितळ. बावन्नच्या निवडणुकीत सगळ्या पक्षांनी निशाण्या रंगवायला त्यालाच बोलावलं. बैलजोडी त्याचीच, झोपडी त्याचीच, दिवाही त्याचाच. मतमोजणीच्या दिवशी तो मला म्हणाला की कोणीबी येवो, निवडून तं मीच आलो.

मोकळ्या कामाचं सुख एवढंच की मालक कोणी नसतो. दुःख असं की जो तो मालक असतो. चहावाला पाटी लावून घेई आणि म्हणे की ‘ह’ थोडा बारका झाला, बारक्या ‘ह’चे कमी घे. नाटकवाला पडदा घेऊन पुढच्या गावाला जाई. पावसाळ्यात तर कोणालाच पाटी नको असे, तेव्हा झाडू लोकांच्या लोखंडी पेट्यांवर गुलाब काढत फिरे. त्याची बायको अन्नपूर्णा गोंडपिपरीकडची. तिचे वडील दर भेटीत विचारत की जावई सध्या काय करतात. सध्या हा शब्द ते असा काही ओढत की झाडूच्या घशात घास अडके.

आणि मनकर्णाबाई! पोराची स्तुती केली की ती बाजूला थुंकायची. नाटकाला शेवटच्या ओळीत बसे, आणि एखादीनं म्हटलं की काय झकास पडदा काढला तुह्या झाडूनं, तर लगेच म्हणे, “कोंबडीनं उकरल्यावानी काढते. कायचं झकास?” मला आधी वाटलं बाई कजाग आहे. मग कळलं की ही तिची चौकी आहे. पोरगं मोलाचं आहे ही बातमी फुटू नये म्हणून ती तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

आता संग्रहालय. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा आमच्या पंचक्रोशीतले मालगुजार भैयाजी यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. जमीन बरीचशी वाचली होती, पण सकाळी मुजरा करायला येणारे वाचले नव्हते. असा माणूस एक तर निवडणुकीला उभा राहतो किंवा संस्था काढतो. भैयाजी उभे राहून पडले आणि मग त्यांनी संस्था काढली. स्टेशनरोडवरची त्यांची धानाची रिकामी कोठी चुन्यानं पांढरी केली, तीत घरातली अडगळ नेऊन मांडली आणि तिला वस्तुसंग्रहालय म्हटलं. बापाचा हुक्का, गंजलेल्या तलवारी, एक वाघाचं कातडं, एका डोळ्याचं गव्याचं मुंडकं, जंगलातल्या गावांहून वसुलीच्या काळात आलेले दागिने आणि ढोल. ते कसे आले हे विचारायची पद्धत नव्हती. गावात अक्षर बरं आणि वजन शून्य असा एकच माणूस होता, तो मी, म्हणून मला चिटणीस केलं. वस्तूंवर चिठ्ठ्या लिहायला आणि चित्रं काढायला झाडूला बोलावलं.

झाडूनं आयुष्यात दोनच गोष्टी वाचल्या होत्या, दुकानाच्या पाट्या आणि नाटकाची हँडबिलं. त्यानं चिठ्ठ्या हँडबिलाच्या भाषेत लिहिल्या. तलवारीवर लिहिलं: ‘पाहा! पाहा! हिने किती मुंडकी उडवली ते मोजणारा उरला नाही!’ एका भल्यामोठ्या गंजक्या कुलपावर: ‘कपटी कुलूप, अर्थात किल्ली गेली कुठे?’ गव्याला त्यानं लाकडाचा दुसरा डोळा रंगवून बसवला आणि खाली लिहिलं, ‘हा डोळा खोटा आहे. कोणता ते ओळखा.’ वाघाच्या कातड्याशी मात्र थोडी भानगड झाली. भैयाजींनी सांगितलं होतं की वाघ माझ्या वडिलांनी मारला असं लिही. झाडू चौकशी करायला दसरू नावाच्या म्हाताऱ्याकडे गेला, जो त्या शिकारीत हाकेकऱ्यांबरोबर होता, आणि परत येऊन रंगीत अक्षरांत लिहिलं: ‘भयंकर नरभक्षक! हा मेला तेव्हा भैयाजींचे वडील मचाणावर होते.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. भैयाजींनी वाचलं आणि मिशीवर हात फिरवून म्हणाले, छान.

पायल्यांची चिठ्ठी मात्र त्यांनी काढायला लावली. कोठीत धान मोजायच्या दोन पायल्या सापडल्या होत्या, एक घेताना वापरायची, एक देताना. झाडूनं दोन्ही शेजारी ठेवून लिहिलं, ‘दोघी सख्ख्या बहिणी! थोरली घेणारी, धाकटी देणारी! हसून हसून पोट दुखेल असे सामाजिक दृश्य!’ पहिल्याच रविवारी शेतकरी त्या पायल्यांपुढे उभे राहिले. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी थोरली बहीण भैयाजींच्या घरी परत गेली.

पण गर्दी होऊ लागली हे कबूल केलं पाहिजे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत तर बैलगाड्यांची रांग लागे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना झाडू स्वतः चिठ्ठी वाचून दाखवी, तीही नाटकाच्या आवाजात, हात उंचावून. लोक तलवार पाहायला येत आणि झाडू पाहून जात. भैयाजींनी संग्रहालयाला वडिलांचं नाव दिलं होतं, मोठ्या अक्षरांत, झाडूकडूनच रंगवून घेतलं होतं. ते कोणी उच्चारलं नाही. सगळे म्हणत, झाडूचा अजबखाना.

अजबखान्याच्या पहिल्या तीन वर्षांत झाडूच्या डोक्यात एक किडा शिरला. त्याला कायम व्हायचं होतं. आमच्या संस्थेला सरकारी मदत मिळणार अशी हवा होती, आणि मदत मिळाली की चित्रकाराची एक जागा मिळणार. संग्रहालयाचा चित्रकार! कोणी बारक्या ‘ह’चे पैसे कापणार नाही. पावसाळ्यातही खुर्ची. सासऱ्याला सध्या हा शब्द वापरता येणार नाही. तो त्या जागेबद्दल असा बोलायचा, जसे लोक उपवर मुलीच्या ठरलेल्या लग्नाबद्दल बोलतात. त्यानं खुर्ची कुठे ठेवायची ती जागासुद्धा पाहून ठेवली होती, गव्याच्या खाली, उजेड डावीकडून येईल अशी.

तेवढ्यात आमचं राज्यच बदललं. काल नागपूरला विचारायचं ते आता मुंबईला विचारायचं झालं. कागद तिकडे गेले आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तिकडून एक साहेब पाहणीला आले. भर चैत्रात कोट घालून आले, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. बोलणं अगदी स्वच्छ, एकेक शब्द इस्त्री केलेला. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. कुलपापाशी त्यांचा ओठ हलला, पण त्यांनी तो आवरला आणि म्हणाले की भाषा अशास्त्रीय आहे. झाडू हात जोडून भिंतीला टेकून उभा होता. अशास्त्रीय म्हणजे शास्त्राच्याही पलीकडचं असं समजून तो लाजला.

जाताना साहेबांनी विचारलं की संस्थेची गरज काय. भैयाजींचा स्वभाव कसाही असो, त्या दिवशी त्यांनी झाडूसाठी शब्द टाकला. अर्थात अजबखाना चालू राहिला तर त्यांच्या बापाचं नाव भिंतीवर राहणार होतं. ते म्हणाले, “साहेब, इमारत नाही दिली तरी चालेल. आमचा झाडू तेवढा कायम मंजूर करा. झाडूवाचून इथलं पान हलत नाही.”

साहेबांनी खाली पाहिलं. चैत्रातला वारा, उघडी दारं, जमिनीवर बोटभर धूळ. त्यांनी मान डोलावली. “अगदी योग्य. ही गोष्ट तर सर्वांत आधी हवी. मंजूर समजा.”

झाडू तिथेच ढसाढसा रडला. साहेबांना आश्चर्य वाटलं असणार, पण मागासलेल्या भागात लोकांना स्वच्छतेची इतकी ओढ आहे हे पाहून त्यांना बरंही वाटलं असावं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. झाडूनं त्याच संध्याकाळी पेढे वाटले आणि सासऱ्याला निरोप धाडला. सासरा गोंडपिपरीहून गाडी जुंपून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला की आधी जावयानं पाय धुवावेत, मग मी.

महिनाभरानं स्टेशनातल्या पार्सलबाबूचा माणूस शाळेत मला शोधत आला. निरोप असा: “मास्तर, तुमचे झाडू आले आहेत. सोडवून न्या.” मला आठवतं, मी क्षणभर खूश झालो. झाडूला आले आहेत असं कोणी आजवर म्हटलं नव्हतं, आला नाहीतर मेला एवढंच. म्हटलं, झाडूच्या नेमणुकीचा हुकूम आला आणि त्याबरोबर मान वाढला. मी झाडूला घेऊन स्टेशनवर गेलो. सासरा त्या दिवशी पुन्हा लेकीकडे आला होता, तो बरोबर निघाला, भैयाजीही छत्री घेऊन आले. पार्सलबाबूनं फलाटावर गोणपाटाचा एक लांबोडका गठ्ठा ठेवला. वरच्या फाटक्या टोकातून नारळाच्या काड्या बाहेर आल्या होत्या.

आम्ही चौघं त्या गठ्ठ्याकडे पाहत उभे राहिलो. फडे होते ते. मुंबईकडच्या भाषेत झाडू. दोन डझन, उत्तम प्रतीचे, सरकारी खर्चानं. सासऱ्यानं जावयाकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे, मग शांतपणे जाऊन आपले बैल जुंपले. पार्सलबाबूला हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर तासाभरात अख्ख्या नागभीडला आवरेना. ज्या नावाला गाव कधी हसलं नव्हतं त्याला ते मुंबईच्या कृपेनं हसायला शिकलं. पोरं झाडूला पाहून नमस्कार करीत आणि म्हणत, किती नग आले?

मी मुंबईला कागद पाठवणाऱ्या नागपूरच्या कचेरीत जाऊन खुलासा केला. तिथले बाबू आधी पोट धरधरून हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले की मास्तर, चूक साहेबांची नाही, नावाची आहे. सरकारी चित्रकाराचं नाव झाडू कसं चालेल? उद्या मंत्री आले तर ओळख काय म्हणून करून देणार? साहेब मनाचे चांगले आहेत, पुन्हा विचार करतील, पण माणसाला एक सभ्य नाव द्या. मी हे परत येऊन सांगितलं तेव्हा झाडूनं एक क्षणही लावला नाही. हसणाऱ्यांनी त्याला आधीच पुरतं सोललं होतं. त्यानं स्वतःच नाव निवडलं. गुणवंत. म्हणाला की गुण तं हायेत, मंग नावात काऊन नाई?

मनकर्णाबाई तेव्हा सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. सूप तिनं खाली ठेवलं.

“नाव बदलशील तं त्याले सापडशील.”

“कोनाले, माय?”

“ज्याले आजवर सापडला नाईस त्याले.”

तो हसला, म्हणाला की आता इंग्रज गेले, मालगुजारी गेली, ते सगळं गेलं. म्हातारीनं विचारलं की मरन गेलं का? तो चिडला. म्हणाला, “तुले मी कचराच पाह्यजे का जनमभर?” म्हातारी सूप उचलून परत पाखडू लागली. त्या दिवसापासून तिनं त्याला नावानं हाक मारणंच सोडलं. नवं नाव तिच्या तोंडून निघेना, आणि जुनं घेतलं तर दोन्ही एकाच माणसाची आहेत हे कोणाच्या लक्षात येईल ही भीती. ती त्याला ओ भाऊ म्हणू लागली, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला म्हणावं तसं. एकाच चुलीवरचं जेवत होते दोघं.

मी बदललेल्या नावानं अर्ज मुंबईला धाडला आणि नव्या गुणवंतानं घराबाहेर पाटी लावली. ‘गुणवंत आर्टिस्ट’. अक्षरं सुंदर होती, सावली पडलेली, कडेला सोनेरी रेघ. परिणाम असा झाला की हिवाळ्यात वडसाहून नाटकवाले झाडू पेंटरला शोधत आले, पाटी वाचली, आणि हा कोणी नवा दिसतो, महाग असेल, असं म्हणून परत गेले. गावातल्यांनी नाव मान्य केलं नाही, पण हसायला एक वस्तू आणखी मिळाली. त्या वर्षी त्याला तीन नाटकांचे पडदे कमी मिळाले. तो म्हणायचा की जाऊ द्या, आता कायमच होतो आहे. अन्नपूर्णा मात्र पाटीकडे पाहून न पाहिल्यासारखं करी आणि पेट्यांवरचे गुलाब मोजून घेई.

अठ्ठावन्नच्या सुरुवातीला साहेब पुन्हा आले. या वेळी समारंभच होता, कारण सरकारनं मदत मंजूर केली होती. कोठीपुढे मांडव, चार खुर्च्या, हारांची टोपली. भैयाजींनी भाषण केलं त्यात वडिलांचा उल्लेख सात-आठदा आला. मग साहेब उठले. त्यांचं मराठी आधीपेक्षाही स्वच्छ झालं होतं. त्यांनी मदतीचा आकडा सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, “आणि आपल्याला सांगण्यास आनंद होतो की या संग्रहालयासाठी शासनाने एक गुणवंत चित्रकार मंजूर केला आहे.”

टाळ्या मांडवाबाहेर गेल्या. झाडू पहिल्या ओळीत बसला होता, इस्त्रीचा सदरा, रुमाल नवा. तो उठला, पुढे गेला, साहेबांना वाकून नमस्कार केला आणि लोकांकडे वळून हात जोडले. भैयाजींनी टोपलीतला सर्वांत जाड हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

साहेबांनी हळूच भैयाजींना विचारलं की हे कोण. भैयाजी म्हणाले की हेच की साहेब, गुणवंत. साहेब म्हणाले, “असतील गुणवंत. पण कलाशाळेची परीक्षा दिली आहे का?”

मी दोन पावलांवर होतो, मला सगळं ऐकू आलं. भैयाजींनी एकदा हाराकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मी साहेबांना समजावलं की गुणवंत हे नाव आहे, विशेषनाम, आणि मंजुरी त्या नावाच्या माणसासाठी मागितली होती. ते शांतपणे ऐकत राहिले. मग माझ्याच धंद्याच्या भाषेत मला म्हणाले, “मास्तर, आमच्याकडे ते विशेषण म्हणून आलं आहे.” आणि विशेषण म्हणजे अटी आल्या, परीक्षा आली, प्रमाणपत्र आलं. त्यांचं वागणं उद्धट नव्हतं. उद्धट असते तर भांडता आलं असतं. पहिल्या खेपेला माणसाचं सामान्यनाम झालं, दुसऱ्या खेपेला विशेषण. व्याकरणात झाडूला सगळीकडे जागा होती, फक्त खुर्चीवर नव्हती.

पुढे यथावकाश परीक्षा दिलेला गुणवंत चित्रकार आला. बिचारा सज्जन पोरगा होता, मलेरियानं अर्धा झाला. त्यानं शास्त्रीय चिठ्ठ्या लिहिल्या. ‘तलवार. लोखंड. काळ अनिश्चित.’ ‘कुलूप. लोखंड. काळ अनिश्चित.’ खुर्ची गव्याच्या खालीच ठेवली होती. बैलगाड्या दारावरून जात, थांबत नसत. पण हे नंतरचं झालं. त्या दिवशीचं अजून संपलेलं नाही.

मांडव रिकामा झाल्यावर मी झाडूला घेऊन त्याच्या घरी गेलो. हार त्यानं काढला नव्हता. काढायचा तो भैयाजींनी काढावा असं त्याला वाटत होतं की काय, कोण जाणे. दुपार टळली होती. अन्नपूर्णेनं आमच्याकडे पाहिलं आणि ती मागच्या अंगणात गेली. मनकर्णाबाईनं ताट वाढून ठेवलं होतं. तिनं मला विचारलं की काय झालं. मी जमेल तसं सांगितलं. विशेषण वगैरे तिला काय सांगणार? म्हटलं, सरकारनं एक माणूस मंजूर केला, पण तो आपला झाडू नाही. हा समोर उभा होता, हार घालून, तरी त्यांना दिसला नाही.

म्हातारीचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“म्हंजे सरकारलेबी नाई दिसला हा?”

“नाही दिसला.”

“लय बेस झालं,” ती म्हणाली. “झाडू, ये. जेवून घे.”

कित्येक महिन्यांनी तिनं त्याला नावानं हाक मारली होती. तो पाटावर बसला.  मग त्याचा आवाज असा निघाला की चिठ्ठ्या वाचून दाखवताना त्यानं काढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“मले दिसाचं होतं, माय.”

मनकर्णाबाईनं भाताचा डाव खाली ठेवला. त्याच्या गळ्यातला हार तिनं दोन्ही हातांनी काढला आणि पदराखाली घेतला, जणू दारातून कोणी पाहील.

“तुह्या आधीचे तिघं दिसे सगळ्याइले,” ती म्हणाली. “जो येई तो म्हने, काय देखनी लेकरं हायेत. तू जेव.”

मला साहेबाचा राग होता, भैयाजींचा होता, त्या हसणाऱ्या गावाचा तर आजही आहे. म्हातारीवरही रागवायचं मनात होतं, पण तिथे बसून ते काही जमेना. झाडूनं भात कालवला आणि जेवू लागला. ती समोर बसून प्रत्येक घास जाताना पाहत होती.